नुसतं असण्याचा कार्यक्रम

“जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की तासभर तोंडाला कुलूप. हात चालू ठेव. पण बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, मानही हलवायची नाही. त्या तासात देव बोलतो. आपण मध्ये बोलायचं नाही.”

आईनं हे सांगितलं तेव्हा हळूबाई नव्यानं सासरी निघाली होती. इतर मुलींच्या आया अशा वेळी संसाराच्या चार युक्त्या सांगतात, डोळ्यांना पदर लावतात. हिच्या आईनं एवढंच सांगितलं आणि डब्यांची पिशवी हातात दिली. आई गेली त्यालाही आता जमाना झाला. पण दुपारी फडकं पिळून वाळत घातलं, की तो आवाज हळूबाईच्या कानामागे अजून येई, आणि कुलूप लागे ते लागेच.

हळूबाई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ते ठेवलं यजमानांच्या आत्यानं. आत्याबाई शाळेत कवायत शिकवत. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलीची मान सरळ करणारा त्यांचा आवाज. नव्या सुनेचं बोलणं ऐकून त्या भर पंगतीत म्हणाल्या होत्या, “हिचा आवाज शेजारच्या ताटापर्यंत पोहोचत नाही. मीठ मागेल तेव्हा आपले हात धुऊन झालेले असतील. हळूबाई आहे नुसती!” नाव चिकटलं ते कायमचं.

हळूबाईच्या मौनाची आता इमारतीला सवय झाली होती. सवय नव्हती तेव्हा थोडे घोटाळे झाले. एकदा दोन माणसं लोखंडी कॉट घेऊन आली, “इथलीच ना ही?” म्हणून विचारती झाली, आणि उत्तर येईना म्हणून कॉट आत आणून, जोडून, वर गादी टाकून निघूनही गेली. खरा मालक वरच्या मजल्यावर जमिनीवर बसून वाट पाहत होता. समोरच्या वहिनी तर मुद्दाम याच वेळी येत. सुनेबद्दल जे जे साठलं असेल ते सगळं ओतून झालं की उठता उठता म्हणत, “तुमच्याशी बोललं की किती मोकळं वाटतं हो! काय छान समजावता तुम्ही!” हळूबाई लसूण सोलत बसलेली असे. तिनं तेवढ्या वेळात पापणीही मोजूनमापून हलवलेली असे.

तर अशी ही बाई रेडिओवर कार्यक्रम करायला निघाली.

त्याचं कारण आत्याबाईच. त्या घसरून पडल्या, कमरेचं हाड मोडलं, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शुश्रूषागृहात ठेवलं. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. आत्याबाई म्हणाल्या, नाही चालणार. वॉकर पलंगाशी उभा, आणि त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या. डोळ्यांनी दिसणं जवळजवळ संपलेलं. उशाशी तेवढा एक छोटा रेडिओ. डॉक्टरांनी भाऊसाहेबांना, म्हणजे हळूबाईच्या यजमानांना, बाजूला घेऊन सांगितलं, “अशा पडून राहिल्या तर कायमच्या पडतील. औषध नाही याला.”

संध्याकाळच्या भेटीत हळूबाईनं त्यांच्या गुडघ्यांवरची चादर सारखी करत विचारलं, “आत्याबाई, दुपारी झोप लागते का?”

“दुपारी!” आत्याबाई भिंतीलाच म्हणाल्या. “दुपारी भेटायला बंदी. ती नर्स पडदे ओढते आणि जाते. आणि नेमका तेव्हाच हा मेला रेडिओ मध्यंतर घेतो. नुसता टूंऽऽ करत राहतो. सगळे जण उठून गेले आणि मला सांगायचं राहिलं, असं वाटतं बघ. त्या तासाला कुणीतरी असलं पाहिजे गं.”

इतकी वर्षं त्या बाईंच्या तोंडून हळूबाईनं हुकूम ऐकले होते, टोमणे ऐकले होते. मागणं पहिल्यांदाच ऐकलं. तिच्या तोंडून निघून गेलं, “असेल. मी बघते.”

“काय बघतेस? रेडिओवर जाणार आहेस का?” आत्याबाईंनी बऱ्याच दिवसांनी मान वळवली. “तू? अगं, तू बोललीस तर लोक रेडिओ दुरुस्तीला टाकतील!” आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन म्हणाल्या, “जा, ज्या दिवशी त्या तासाला तू रेडिओवर असशील, त्या दिवशी मी या दारापर्यंत चालत जाईन. शब्द आहे माझा.”

भाऊसाहेब मोठ्यानं हसले. हळूबाई हसली नाही. शब्द म्हटल्यावर ती कधीच हसत नसे.

त्याच आठवड्यात गावच्या छोट्या रेडिओ केंद्रानं जाहीर केलं, की दुपारचं मध्यंतर बंद होणार असून त्या वेळात श्रोत्यांनी स्वतः केलेले कार्यक्रम लावले जातील. इच्छुकांनी आराखड्याचा नमुना केंद्रावरून न्यावा. हळूबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. रेडिओला तिनं जन्मात कधी हलकं मानलं नव्हतं. निवेदिका ‘नमस्कार’ म्हणाली की ही हात पुसून परत नमस्कार करी. आता आपण बोललोही नव्हतो आणि देवानं ऐकलं, या विचारानं तिनं हात जोडले. आपण ज्या तासाला तोंड उघडत नाही, तोच हा तास आहे, हे तिच्या लक्षात आलं होतंच. पण कार्यक्रम करायचा म्हणजे आपणच बोललं पाहिजे असं थोडंच आहे? इमारतीत बोलणाऱ्यांचा काय तुटवडा!

रेडिओ केंद्र वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना तिनं चपला हातात घेतल्या. आवाज नको म्हणून. वर एका जाड दारावर लाल दिवा होता आणि त्यापलीकडे, भिंतीच्या आत, कुणीतरी साऱ्या गावाशी बोलत होतं. ती दारासमोर तशीच उभी राहिली. मग कुणी पाहत नाहीसं बघून तिनं दाराला हळूच हात लावला. दार थरथरत असेल असं तिला वाटलं होतं. ते चांगलं गार होतं.

“काय हवंय?” मागून आवाज आला. कार्यक्रम अधिकारी होत्या. गळ्यात चष्मा, हातात दुसरा चष्मा, आणि शोधत होत्या तिसरा.

“नमुना,” हळूबाई म्हणाली.

“अं?”

“नमुना.”

“जरा मोठ्यानं बोला. रेडिओ केंद्र आहे हे.”

शेवटी अधिकारीबाईंनी तिचं तोंड वाचून नमुना काढला. तो हळूबाईनं दोन्ही हातांनी घेतला. कार्यक्रमाचं नाव. कालावधी. श्रोतावर्ग. उद्देश. संकेतधून. मांडणी : आरंभ, मध्य, शेवट. सादरकर्ता. एका वाक्यात वर्णन. आणि मधोमध एक मोठी चौकट : प्रकार.

“सगळ्यात महत्त्वाचं हे,” अधिकारीबाई बोट ठेवून म्हणाल्या. त्यांचा सूर एकदम मऊ झाला. “लोकांना वाटतं माइक लावला आणि तोंड उघडलं की झाला कार्यक्रम. तसं नसतं हो. भाषण वेगळं. मुलाखत वेगळी. चर्चेत निदान तीन माणसं लागतात आणि त्यातल्या दोघांचं पटता कामा नये. श्रुतिका म्हणजे कानांनी बघायचं नाटक. रूपकात आवाज, संगीत, निवेदन सगळं एकात एक विणायचं. पत्रोत्तरात तर उत्तर देणाऱ्याला राग येता कामा नये. प्रत्येकाचा आरंभ निराळा, प्रत्येकाची चाल निराळी. साचा आधी, बोलणं नंतर.”

हळूबाई थक्क होऊन ऐकत होती. आजवर तिला वाटायचं, बोलणं दोनच प्रकारचं : करायचं आणि टाळायचं. इथे त्याची घराणी होती, कुळाचार होते! तिनं धीर केला. “बाई, नुसतं कुणीतरी असण्याचा… असा एखादा प्रकार असतो का?”

“कुणीतरी असून काय करतं?”

“काही नाही. असतं.”

अधिकारीबाईंनी गळ्यातला चष्मा लावला, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि काढला. “असणं हा प्रकार नाही,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर भाऊसाहेबांनी नमुना पाहिला आणि इस्त्रीचा शर्ट चढवला. जन्मभर पाणीपुरवठा खात्यात त्यांनी नळ बंद राहणार असल्याच्या सूचना लिहिल्या होत्या. कागदावर आखलेली चौकट दिसली की त्यांचं रक्त उसळे. “हे तुझं काम नव्हे,” ते म्हणाले. “ह्याला मसुदा लागतो. उद्या जेवणं झाली की चार जाणती माणसं बोलावतो.”

हळूबाईनं “जेवणं झाली की?” असं म्हणेपर्यंत ते शेजाऱ्यांच्या बेलवर बोट ठेवून उभे होते.

दुसऱ्या दिवशी ओटा पुसून फडकं वाळत पडायला आणि जाणती माणसं यायला एकच गाठ पडली. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आले. इमारतीचे सेक्रेटरी आले. समोरच्या वहिनी तर रोजच्याच होत्या, आज नुसत्या साडी बदलून आल्या. हळूबाई कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत बसली.

“श्रोतावर्ग कोण?” भाऊसाहेबांनी पेन उघडलं.

हेडमास्तर म्हणाले, “तरुण पिढी. दुपारी दुसरं काय करते ती? भाषण ठेवा. विषय माझ्याकडे आहेत.”

“भाषण कोण ऐकतंय!” सेक्रेटरी म्हणाले. “फोनवरचा कार्यक्रम करा. लोकांनी फोन करायचा, तक्रार सांगायची. जिन्यातल्या सायकलींपासून सुरुवात करू.”

“म्हणजे माझ्या सायकलीपासून,” हेडमास्तर म्हणाले.

“मी नाव घेतलं का?”

“श्रुतिका करा हो,” वहिनी म्हणाल्या. “एक सून असते. कुणाची ते नका सांगू. ती सकाळी उशिरा उठते…”

हळूबाईला सांगायचं होतं, श्रोतावर्ग म्हणजे एक म्हातारी बाई आहे, भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिला सायकली नकोत. पण ती टॉवेलची घडी घालत राहिली. भाऊसाहेबांनी मधूनमधून “काय गं, बरोबर ना?” असं विचारायचं सोडलं नाही, आणि उत्तर न आल्याचं लक्षात येण्याइतकी उसंतही घेतली नाही.

तास भरत आला तेव्हा आराखडा तयार होता. प्रकार : चर्चायुक्त भाषण, श्रुतिकेसह, मध्ये फोन. उद्देश : प्रबोधन, मनोरंजन, जिन्यातील शिस्त व कुटुंबस्वास्थ्य. ‘एका वाक्यात वर्णन’ या रकान्यात भाऊसाहेबांनी एकच वाक्य लिहिलं होतं, पण ते कागदाच्या मागच्या बाजूला जाऊन, समासातून वर चढून पुन्हा पुढे आलं होतं. राहिला रकाना एकच : सादरकर्ता. तिथे मात्र जुंपली. हेडमास्तरांना सेक्रेटरी चालेनात, सेक्रेटरींना हेडमास्तर. वहिनींना तर दोघेही नको होते, कारण सुनेचं काम दोघांनाही जमलं नसतं. आणि भाऊसाहेबांचं नाव निघताच तिघं पहिल्यांदाच एकमतानं गप्प झाली. ते भाऊसाहेबांना लागलं.

“मग हळूबाईंचं लिहा,” सेक्रेटरी म्हणाले. “त्यांना कुणाचा विरोध नाही. आणि त्यांचाही दिसत नाही.”

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. हळूबाईनं उशीचा अभ्रा छातीशी घट्ट धरला होता. विरोध नव्हता.

आराखडा केंद्रावरून परत आला. लाल शाईत लिहिलं होतं : ‘प्रकार एकच निवडा.’ भाऊसाहेबांनी फोन काढून टाकला. सेक्रेटरी उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या सायकलीला नोटीस चिकटली. आराखडा पुन्हा आला : ‘संकेतधून कोणती?’ भाऊसाहेबांनी लिहिलं, ‘सुयोग्य.’ तो परत आला : ‘सुयोग्य नावाची धून केंद्राच्या संग्रहात नाही.’ मग ‘उद्देश आटोपशीर लिहा’ म्हणून आला, तेव्हा भाषण गेलं आणि हेडमास्तरांनी जिन्यात बोलणं सोडलं. श्रुतिका गेली तेव्हा वहिनी दोन दुपारी आल्याच नाहीत. त्या दोन दुपारी हळूबाईला, खरं सांगायचं तर, देवाचं बोलणं जास्त स्पष्ट ऐकू आलं.

शेवटी भाऊसाहेबांनी पेन बंद केलं. “मी पाणीपुरवठ्यात सारं शहर कोरडं ठेवलंय,” ते दुखावल्या सुरात म्हणाले, “पण माझा मसुदा कुणी परत पाठवला नव्हता. तूच भर आता.”

हळूबाईनं सकाळी आंघोळ करून, दिवा लावून, मग कोरा नमुना पुढ्यात घेतला. कालावधी : मध्यंतराइतका. श्रोतावर्ग : एकटं पडलेलं माणूस. उद्देश : सोबत. संकेतधून : नको. प्रकार या मोठ्या चौकटीत तिला लिहायला काही सुचेना, म्हणून ती रिकामीच ठेवली. सादरकर्ता या रकान्यापाशी ती खूप वेळ थांबली. तोही रिकामा ठेवला. माणूस मिळालं की केंद्राला कळवू, असं ठरवलं.

दोन दिवसांनी, फडकं वाळत घातल्याबरोबर, फोन वाजला. भाऊसाहेब घोरत होते. फोन उचलणं हे हातांचं काम. त्याला बंदी नव्हती. तिनं उचलला.

“कार्यक्रम अधिकारी बोलतेय. तुमचा आराखडा बघितला. इतका मोकळा आराखडा मी आजवर बघितला नाही. सादरकर्ता लिहायचा राहिलाय, पण आधीच्या सगळ्या कागदांवर तुमचंच नाव आहे, तेच धरते. थेट प्रक्षेपण असेल, आधी ध्वनिमुद्रण नाही. तुमची काही हरकत?”

हळूबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला.

“हरकत असेल तर आत्ताच सांगा हं. एकदा घोषणा झाली की मग मागे घेता येत नाही.”

भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं.

“नाही ना हरकत? बरं. मला आवडलं हे. लोक फार बोलतात.” आणि फोन ठेवला गेला.

तास संपला तशी तिनं केंद्रावर फोन लावला. ‘बाई बाहेर गेल्यात’ असं उत्तर मिळालं. संध्याकाळी ती धापा टाकत शुश्रूषागृहात पोहोचली, ती आत्याबाईंना आधीच सांगून टाकावं म्हणून. तर आत्याबाई भिंतीला पाठ लावून बसलेल्या! केस विंचरलेले. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका इकडे तोंड करून.

“आली बघा, आली!” आत्याबाईंचा कवायतीचा आवाज घुमला. “आमची सून! मगाशी नाव जाहीर केलं हिचं रेडिओवर! परवा दुपारी आहे. काय गं, काय बोलणार आहेस? नको, आत्ता नको सांगू. मी ऐकेन.”

हळूबाई तोंड उघडून उभी राहिली. या वेळी बोलायला काही बंदी नव्हती. पण ते विंचरलेले केस तिनं पाहिले, आणि कुलूप लागलं.

रात्रीच्या जेवणाला तिच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडलं. एकीकडे आईला दिलेला शब्द, एकीकडे आत्याबाईंना. दोन्ही एकाच तासाला, आणि दोन्ही एकाच तोंडाचे. तेव्हा भाऊसाहेबांनी घास खाली ठेवून जे म्हटलं, त्यासाठी ती त्यांना पुढे सगळं माफ करायची. ते म्हणाले, “वेडे, मी आहे ना. तू माइकसमोर नुसती बस, म्हणजे आत्याचा शब्द पाळला जाईल. बोलेन मी. म्हणजे तुझाही पाळला जाईल.”

त्यांनी रातोरात भाषण लिहिलं : ‘पाणी येतं कुठून?’

परवाच्या दिवशी दोघं केंद्रावर गेली. हळूबाईच्या पिशवीत वाटेत घेतलेले मटार होते आणि ते सोलून ठेवायला घरून आणलेला एक झाकणाचा डबा. हात चालू ठेव, असं आईनं सांगितलं होतं. मग जागा बदलली म्हणून काय झालं? जाड दार उघडलं आणि त्यांना आत घेऊन पुन्हा मिटलं.

हळूबाईनं असं काही जन्मात अनुभवलं नव्हतं. आत शांतता होती, पण घरच्या दुपारसारखी नव्हे. घरच्या शांततेत नळ असतो, पंखा असतो, यजमान असतात. ही शांतता अंगाला लागत होती, घडी न मोडलेल्या कापडासारखी. भिंतींना गाद्या लावलेल्या. टेबलावर एकच माइक, मान किंचित झुकवून, ऐकायला तयार. तिला वाटलं, जगातला सगळ्यात मोठा कान असलेलं काहीतरी इथे बसलं आहे. तिनं मनात नमस्कार केला. तोवर तिचा तास लागला होता.

टेक्निशियननं दोघांच्या कानांवर हेडफोन चढवले. “लाल दिवा लागला की सुरू,” तो भाऊसाहेबांना म्हणाला. “आणि मध्ये गप्प राहू नका. हवेत शांतता पसरली की त्या यंत्राला वाटतं केंद्र बंद पडलं. मग ते आपलं आपण बँड वाजवतं. माझ्या हातात नाही ते.” आणि काचेपलीकडे गेला.

“गप्प? मी?” भाऊसाहेब हसले, शर्टाची कॉलर नीट केली, कागद पुढे धरला.

लाल दिवा लागला.

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. आणि ते उघडंच राहिलं. बैठकीत, बसमध्ये, झोपेत, डॉक्टरनं तोंडात थर्मामीटर ठेवला असतानाही बोलणारा हा पुरुष. आज त्याच्या घशातून उंदरानं श्वास घ्यावा एवढाही आवाज निघेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या गप्प चेहऱ्याकडे न बघता ते “बरोबर ना?” म्हणत आले होते, त्याच्याकडे त्यांनी पहिल्यांदा उत्तराच्या आशेनं पाहिलं.

काचेपलीकडे टेक्निशियननं कपाळाला हात लावला. यंत्रानं निर्णय घेतला होता. हेडफोनमध्ये ढोल, तुताऱ्या, कवायतीचा बँड दणाणून उठला.

हळूबाई दचकली आणि तिच्या मांडीवरची पिशवी निसटली. मटाराच्या शेंगा टेबलावर सांडल्या. सर्रर्र! बँड थांबला.

तिनं माइककडे पाहिलं. माइक वाट पाहत होता. तिनं एक शेंग उचलली आणि अंगठ्यानं दाबली.

कानांत केवढा आवाज झाला! एखाद्या बंद घराचं दार कुणीतरी आतून उघडावं तसा. मग दाणे डब्यात पडले, एकामागून एक, आणि प्रत्येकाचा नाद वेगळा. पहिला पत्र्यावर टणकन, मागचे भावंडांच्या अंगावर पडल्यासारखे मऊ. इतकी वर्षं मटार सोलले, हे कधी ऐकलंच नव्हतं! आपल्या बोटांच्या आत एवढं काही चाललेलं असतं? तिनं टरफल बाजूला टाकलं. ते टाकल्याचाही उसासा ऐकू आला. कपाळावरची बट मागे सारली, तर पदराची सळसळ झाली. शेजारी भाऊसाहेबांचा श्वास हळूहळू वळणावर येत होता. तोही ऐकू येत होता, आणि किती ओळखीचा! या माणसाच्या बोलण्याखाली हा श्वास कायमचा दबून गेला होता.

त्या तासात देव बोलतो, आई म्हणाली होती. काय बोलतो, ते सांगितलं नव्हतं. हळूबाईनं आजवर शब्दांची वाट पाहिली होती.

ती सोलत राहिली. टेक्निशियन काचेपलीकडे उभा राहिला होता, आणि त्याच्यामागे अधिकारीबाई, तिन्ही चष्मे विसरून. शेंगा संपल्या. हळूबाईनं टरफलं पिशवीत भरली, टेबल पदरानं पुसलं, आणि डब्यावर झाकण ठेवलं. मग तिच्या सवयीप्रमाणं ते उचललं, आत एकदा डोकावून पाहिलं, आणि पुन्हा ठेवलं. टक. टक. या दोनदा झाकण ठेवण्यावरून आत्याबाईंनी तिला आयुष्यभर छळलं होतं. ‘दाणे पळून जातील का गं?’

लाल दिवा विझला.

दार उघडून अधिकारीबाई आत आल्या. आता बोलणी बसणार म्हणून भाऊसाहेबांनी भाषणाचा कागद ढालीसारखा छातीशी धरला. पण बाहेर फोन वाजत होता, ठेवला की पुन्हा वाजत होता. “लोक विचारतायत,” अधिकारीबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. “एक जण म्हणाली, कोण बसलं होतं ते नका सांगू, पण उद्या बसवा. एका गृहस्थांनी नुसतं विचारलं, ‘दाणे किती निघाले?’” त्यांनी नमुन्यातली ती मोठी रिकामी चौकट पुढे केली, पेन काढलं, आणि बराच वेळ ते तसंच धरून राहिल्या. “ह्यात लिहू काय हो मी?”

हळूबाईचा तास अजून संपला नव्हता. ती त्यांच्याकडे बघत राहिली. अधिकारीबाईंनी मान डोलावली आणि सावकाश, कोरीव अक्षरात लिहिलं : असणं.

जिना उतरताना भाऊसाहेबांचा आवाज परत आला. “आधी मी जी शांतता ठेवली ना,” ते म्हणाले, “तिच्यामुळे परिणाम झाला सगळा.” पण नेहमीसारखं पुढे न बोलता त्यांनी पिशवी तिच्या हातातून स्वतःकडे घेतली.

संध्याकाळी शुश्रूषागृहात पोहोचेपर्यंत हळूबाईच्या मनात एकच चाललं होतं. आपण बोललो तर नाहीच. आत्याबाई म्हणतील, हा काय कार्यक्रम झाला? म्हणतील, शब्द बोलण्याचा होता. आत्याबाई पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून बसल्या होत्या. रेडिओ मांडीवर.

“मध्येच बँड कशाला वाजवला?” त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं. “चांगलं ऐकत होते. बँड वाजला आणि माझे मेले पाय गादीत आपले आपण हलले. डावा आधी.”

“यंत्रानं वाजवला,” हळूबाई म्हणाली. “आत्याबाई, मी… मला बोलता नाही आलं.”

“ते कळलं मला.”

“मग मीच होते ते कसं…”

“झाकण,” आत्याबाई म्हणाल्या. “दोनदा.” आणि त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “तोपर्यंत मी म्हणत होते, कुणीतरी बसलंय. त्यानंतर म्हटलं, माझंच कुणीतरी बसलंय.”

हळूबाईला काही बोलावंसं वाटलं, अगदी मोठ्यानं, पलीकडच्या खाटांपर्यंत जाईल असं. पण आत्याबाईंनी हात वर केला, मैदानावर मुलींना गप्प करायला करत तसा, आणि मग तोच हात चाचपत खाली आणून वॉकरच्या दांडीवर ठेवला. दुसराही ठेवला. कुणाला हाक मारली नाही, हुकूम सोडला नाही. उभ्या राहिल्या, एकदा डुलल्या, सावरल्या.

भाऊसाहेब पुढे धावणार, तर हळूबाईनं त्यांचा शर्ट धरला.

दार किती लांब आहे ते आत्याबाईंना दिसत नव्हतं. त्यांनी डावा पाय आधी टाकला.